कोडीवरचं घोंगडं

आमच्याकडं वीस घोंगड्यांची एक कोडी होते, आणि कोडी घेणाऱ्या गिऱ्हाइकाला एकविसावं घोंगडं वरून द्यायचं असतं. हे कुणी कुठं लिहून ठेवलेलं नाही. माझे वडील द्यायचे, त्यांचे वडील द्यायचे. नुसती वीस मोजून हात झटकणारा विणकर आमच्या बाजारात चिक्कट ठरायचा, आणि चिकटाच्या पालावर पुढच्या आठवड्याला कुणी उभं राहायचं नाही. त्या एकविसाव्याला आम्ही नुसतं 'वरचं' म्हणायचो.

या वरच्यापायी आमच्या सोसायटीचा परदेशात चाललेला पहिला माल मुंबईच्या बंदरावर अडकला. अडकवला मी. सोडवला एका सरकारी साहेबानं. त्या साहेबाविषयी आणि त्याच्या खात्याविषयी चार चांगले शब्द लिहावेत म्हणून ही वही घेतली. सरकारला शिव्या द्यायला सगळेच पुढं असतात. मीही असायचो.

मी निजामाच्या राज्यात दोन यत्ता शिकलो, त्याही उर्दूत. मराठी अक्षरं पुढं एसटीच्या पाट्या वाचून वाचून बसली. तेव्हा ज्याला शुद्धलेखन बघायचं असेल त्यानं ही वही इथंच मिटावी.

आमचं गाव लोहाऱ्याहून तीन कोसावर. बहात्तरच्या दुष्काळात निम्मी मेंढरं मेली, राहिलेली चाऱ्यामागं लांब गेली. लोकर नाही तर माग कशावर चालणार? आम्ही विणकर बायकापोरांसकट खडी फोडायला गेलो. दुष्काळ सरला तेव्हा जिकडंतिकडं सोसायट्या निघत होत्या, दुधाच्या, मजुरांच्या, कशाकशाच्या. आम्हीही घोंगड्यांची काढली. चेअरमन मला केलं. मी शहाणा म्हणून नाही, अधिकाऱ्यांशी भांडायला माणूस बरा म्हणून.

सुरवातीला सव्वीस माग होते. मग बाजारात गिरणीचं ब्लँकेट आलं. मऊ, रंगीत, वजनाला हलकं. चार-पाच वर्षांत सव्वीसाचे अकरा माग उरले. बाकीचे विणकर कुणी सोलापूरच्या गिरणीत गेले, कुणी उसाच्या तोडीला. शेवटी सहकार खात्याचा निरोप आला, की या वर्षात मोठी मागणी मिळाली नाही तर सोसायटी अवसायनात काढू. मी सेक्रेटरीला विचारलं, "अवसायन म्हंजी काय रं?"

तो म्हणाला, "तात्या, मयताला तिरडी बांधत्यात ना, तसं."

त्याच हिवाळ्यात निर्यात वाढवायच्या खात्याचे ते साहेब आले. आमच्या भागात ते खातं म्हणजे साहेब आणि एक शिपाई, दोनच माणसं. जीपच्या मागच्या फळीवर उभं राहून, दांडीला लोंबकळत आले. तीस-बत्तीसचं वय, खांद्याला पिशवी. मला वाटलं विम्याचा एजंट आहे, म्हणून मी लवकर उठलोच नाही. साहेब आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडचे, बौद्ध घरातले. आईबाप दुसऱ्याच्या रानात राबणारे. दुष्काळात कॉलेजला सुट्टी पडली की त्यांनीही आईबापाबरोबर खडी फोडलेली. डाव्या अंगठ्यावर हातोडीची खूण होती. माझ्याही आहे. म्हणून आमचं लगेच जमलं असं मात्र नाही. मी भांडलोच.

ते म्हणाले, "तात्या, तुमचा माल परदेशात जाऊ शकतो."

"का? तिकडं मेंढरं न्हाईत व्हय?"

"आहेत. पण हातानं विणणारं कुणी राहिलं नाही."

"मंग ती लोकं पांघरत्यात काय?"

"पांघरायला नको आहे त्यांना. भिंतीला टांगायला हवंय."

माझी बायको आत चरख्यावर बसली होती. तिथूनच ती म्हणाली, "भितीला? का, भितीला थंडी वाजती?"

सगळी हसली. साहेब पण हसले, आणि म्हणाले, "मावशी, तिकडं भितीला बी वाजती." मग आमच्या घरातलं एक जुनं घोंगडं उचलून त्यांनी उन्हात धरलं, उलटंपालटं केलं, काठ बोटानं चाचपला. म्हातारी माणसं सोयरिकीला आल्यावर पोरगी बघतात तसं बघितलं. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, ह्याला मालातलं कळतं.

पुढचे सहा महिने त्या माणसानं आमचा जीव खाल्ला. आम्ही घोंगडं हातानं मोजायचो, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. आता प्रत्येकाचा हात काय सारखा असतो? माझा लांब, भावाचा आखूड. त्याचं घोंगडं घेणाऱ्याचे पाय उघडे पडायचे. साहेबांनी एकाच मापाचे अकरा लोखंडी गज कापून आणले आणि एकेका मागाशी एकेक टेकवून ठेवला. मला राग आला. म्हटलं, "माझा हात खोटा हाय का?"

"खोटा नाही, तात्या. पण तुमचा हात घोंगड्याबरोबर जर्मनीला जाणार नाही. गज जाणार आहे, कागदावर लिहून."

मग चिंचोक्याची खळ. ताण्याला खळ लावल्याशिवाय सूत टिकत नाही आणि घोंगडं ताठ राहत नाही. पण तिचा वास तिकडच्या लोकांना चालत नाही, आणि खळीला किडा लागतो. तेव्हा विणून झाल्यावर रिठ्याच्या पाण्यात दोनदा धुवा, सावलीत वाळवा. कीड लागू नये म्हणून आम्ही कडुलिंबाचा पाला घालायचो, तोही नको. गाठीत, म्हणजे तरटात शिवलेल्या मालात, झाडाचं पान सापडलं की तिकडचं खातं माल दारातून परत लावतं. हे सगळं आम्हाला कोण सांगणार होतं? बाजारातल्या दलालाला ठाऊक असतं तर त्यानं आधी स्वतःचा माल पाठवला असता. साहेब मात्र सांगायचे, करून दाखवायचे, आणि चुकलं की उसवायला लावायचे. एका घोंगड्याचा काठ मला तीनदा उसवायला लावला. तीनदा! माझ्या वडिलांनीही मला तीनदा लावला नव्हता.

तीन नमुने ते घेऊन गेले. खात्यानं ते आपल्या खर्चानं परदेशातल्या एका प्रदर्शनात मांडले. मग एक फोटो आला. पांढरीशुभ्र भिंत, तिच्यावर आमचं काळं घोंगडं, आणि पुढं एक गोरी बाई हाताची घडी घालून बघत उभी. गावभर तो फोटो फिरला. माझी बायको लई वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "टांगायच्या आधी झटकून तरी घ्यायचं."

फोटोमागून मागणी आली. साहेबांनी येऊन कागद दोनदा वाचून दाखवला. "दोनशे नग. दहा गाठी. एका गाठीत वीस. अमक्या तारखेच्या आत जहाजावर चढलं पाहिजे. तारीख चुकली तर मागणी रद्द." मी मान हलवली. मला सगळं समजलं होतं. दहा कोड्या, बस. आणि दहा कोड्या म्हटलं की दहा वरची आलीच. साहेब त्याविषयी बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. बाजारात तरी कोण बोलतं? बोलून दिलं तर त्याला वरचं कसं म्हणायचं?

ती दहा मी सोसायटीच्या लोकरीतून केली नाहीत, हे आधी सांगतो. घरच्या मेंढरांची लोकर. बायकोनं कातली, मी पहाटे उठून विणली, सोसायटीचं काम सुरू व्हायच्या आत. ती एकदा म्हणाली, "आवो, साहेबाला इचारलं का?"

"वरचं इचारून देत्यात व्हय? तुझा बाप इचारत व्हता का?"

"माझ्या बापाला जर्मनीचं गिऱ्हाईक न्हवतं," ती म्हणाली, आणि चरखा फिरवत राहिली.

गाठी बांधायचा दिवस आला. वीस घोंगडी मोजायची, तरटात घालायची, दाभणानं तोंड शिवायचं. मोजायला सेक्रेटरी, शिवायला मी. तो वीस मोजून खडूनं खूण करायचा आणि पुढच्या ढिगाकडं वळायचा. तो वळला की मी एकविसावं आत सरकवायचो आणि टाके घालायचो. टाकेही असे घातले, की सुरीशिवाय सुटायचे नाहीत. दहा गाठी झाल्या. ट्रकवर चढवताना मला असं वाटत होतं, की तिकडं ते गिऱ्हाईक गाठ सोडील, मोजील, पुन्हा मोजील, आणि म्हणेल, वा, माणसं दानतीची आहेत.

चौथ्या दिवशी पोस्टमन तार घेऊन आला. 'माल अडकला. नग जास्त. चेअरमनने ताबडतोब यावे.'

सोसायटीच्या शेडमध्ये सगळे जमले. सगळ्यांचा रोख सेक्रेटरीवर.

"मॅट्रिक झालास, आन् वीस मोजता यीनात?"

"सासरवाडीचा इचार करत मोजली आसतील."

"आरं, आमच्या पोराला बसवलं आसतं तर त्यानं बरुबर मोजली आसती. दुसरीत हाय त्यो."

सेक्रेटरी रडकुंडीला आला. "आईशप्पथ सांगतो, वीसच व्हती."

मी एक अख्खी विडी संपेपर्यंत गप्प बसलो. हे लिहायला लाज वाटते, पण बसलो. मग म्हणालो, "त्याला बोलू नगा. म्या घातली. गाठीला एक. वरची."

अर्ध्या लोकांना त्यात चूक काय तेच कळत नव्हतं, त्यांनीही घातलंच असतं. मग आमच्यात सूत कातणारी एक म्हातारी होती, विधवा, तिचे दोन्ही मुलगे माग सोडून उसाला गेलेले, ती म्हणाली, "चेअरमन, गिऱ्हाइकाला वर घातलं ते बरं केलं. आता माल माघारी आला तर आमच्या चुलीवर काय घालायचं ते बी सांगून जावा."

त्या वाक्यासकट मी मुंबईला गेलो.

स्टेशनवर साहेब स्वतः उभे होते. दाढी वाढलेली, डोळे लाल. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "तात्या, चहा घेतला का?" आणि चहा पाजल्यावरच बंदराकडं नेलं.

गोदामात आमच्या दोन गाठी फोडून ठेवल्या होत्या. वीस घोंगड्यांच्या हिशेबानं वजन लिहिलं होतं आणि काटा जास्त दाखवत होता, त्यावरून कस्टमच्या अधिकाऱ्यांना संशय आलेला. ते आमच्यापुढं आले. वयानं मोठे, चष्मा, आवाज शांत. म्हणाले, "कागदावर वीस, आत एकवीस. चोरून माल नेणारे असंच करतात. मी काय समजायचं?"

साहेबांनी मला बोलू दिलं नाही. ते म्हणाले, "आमच्या बाजारात घोंगड्यांची कोडी घेतली की एक वरचं मिळतं. माझ्या वडिलांनी कधी कोडी घेतली नाही, एकेक घेतलं, पण बाजारात उभं राहून मी ते देताना बघितलंय. हा माणूस चोर नाही. ह्याची दानत मोठी आहे."

अधिकारी चष्मा पुसत म्हणाले, "मान्य. पण दानत कुठल्या रकान्यात लिहू?"

मी म्हणालो, "सोपं हाय. दोनशेच्या जागी दोनशे धा लिवा."

तेव्हा साहेबांनी समजावलं. पैसे देणार तिकडची बँक, आणि तिच्या पत्रात दोनशे. दोनशे म्हणजे दोनशे. कागदात एक आकडा इकडचा तिकडं झाला की बँक हात वर करते. पत्र बदलून आणायला दोन आठवडे. जहाजात माल घेणं उद्या संध्याकाळी बंद होणार. एकच रस्ता: राहिलेल्या आठ गाठीही फोडायच्या, दहातली वरची काढायची, अधिकाऱ्यांसमोर मोजायची, पुन्हा शिवायची.

"म्या काढणार न्हाय," मी म्हणालो.

"तात्या..."

"दिलेलं माघारी घेतलं असं आमच्या घरात कधी झालं न्हाय. तुमाला काय करायचं ते करा." आणि मी जाऊन एका गाठीवर बसलो. दोन्ही हात गुडघ्यावर. मी असा बसलो की गावात कुणी माझ्या वाटेला जात नाही.

साहेब पण आले आणि माझ्याशेजारी खाली फरशीवर बसले. कडक इस्त्रीची पँट, तशीच बसले. मग म्हणाले, "बाजारात वरचं देताना गिऱ्हाईक समोर असतं ना?"

"आसतं की."

"त्याला दिसतं, की तात्यांनी आपल्या हातानं दिलं. तुम्हाला त्याचं तोंड दिसतं. आता तिकडच्या माणसाचं बघा. त्यानं तुम्हाला बघितलेलं नाही. गाठ सोडली, एकवीस निघाली. त्याला काय वाटेल?"

"खूश हुईल."

"नाही, तात्या. त्याला वाटेल, ह्या लोकांना मोजता येत नाही. आज एक जास्त आलं, उद्या दोन कमी येतील. तो पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाकडं जाईल. तुम्ही द्यायला गेलात मान, आणि त्याच्या हातात पडेल घोळ."

त्या म्हातारीचं बोलणं डोक्यात होतंच. समोर चार हमाल आमच्याकडं बघत बिड्या ओढत होते, त्यांना काय, शिफ्ट संपायला आली होती. मी साहेबांना विचारलं, "इथं दाभण मिळंल का?"

साहेब पळतच गेले. दाभण आणलं, सुतळी आणली, सुरी आणली. मी माझेच टाके उसवायला बसलो आणि स्वतःला शिव्या देत राहिलो, इतके घट्ट मारले होते. दोघे हमाल निघून गेले, दोघे थांबले. ते परांड्याकडचे निघाले, दुष्काळात आलेले आणि इथंच राहिलेले. त्यातला एक म्हणाला, "चेअरमन, गावाकडचं वरचं बंदरावर आणलंत, आता आमाला बी कामाला लावलंत." साहेब शर्टाच्या बाह्या वर करून तरट धरत होते. एकेक गाठ फुटली, एकेक वरचं बाजूला पडलं. अधिकाऱ्यांनी प्रत्येक गाठ स्वतः मोजली. आठव्या गाठीला त्यांनी कोट काढून ठेवला आणि घड्या घालायला हात लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी दहाव्या गाठीवर मोहोर बसली.

माल आत गेला तेव्हा आम्ही फाटकाशी उभे होतो. मी ढिगातलं एक घोंगडं उचलून साहेबांच्या खांद्यावर टाकलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी काढलं, नीट घडी घातली आणि परत दिलं. "घेता येत नाही, तात्या. नोकरीत आहे."

"आवो, ह्ये सरकारला न्हाय, तुमाला हाय."

"म्हणूनच घेता येत नाही."

मी पुष्कळ अधिकारी बघितले होते. चहा घेणारे, कोंबडी घेणारे, दोन्ही घेऊन काम न करणारे. हा माणूस दोन दिवस माझ्यासाठी फरशीवर बसला, आणि थंडीत जीपला लोंबकळत येणाऱ्या ह्या माणसानं एक घोंगडं घेतलं नाही. दोन घोंगडी मी हमालांना दिली. त्यांनी आढेवेढे न घेता घेतली, बरं वाटलं. राहिलेली आठ डोक्यावर घेऊन स्टेशनवर आलो.

गाडी सुटायच्या आधी मी साहेबांना एक काम सांगितलं. त्या गिऱ्हाइकाला पत्र लिहा. माझ्या शब्दात. त्यांनी कागद काढला आणि बाकावर बसून मी बोलेन तसं इंग्रजीत लिहिलं: आमच्याकडं वीस घेणाऱ्याला एक वर देतात. या खेपेला कागदात बसलं नाही, म्हणून काढून घेतलं. आमचा हात आखडता आहे असं समजू नये. त्यांनी ते मला मराठीत वाचून दाखवलं. मी खाली उर्दूत सही केली. ते हसले नाहीत. तसल्या पत्राचा खात्याला काय उपयोग होता? काहीच नाही. तरी लिहिलं, घडी घातली, तिकीट लावून स्वतः टाकलं.

चार महिन्यांनी उत्तर आलं ते मागणीच्या कागदातच. चारशे नग. वीस गाठी. गाठीत वीस. सहकार खात्याचा अवसायनाचा निरोप मागं पडला. म्हातारीचा थोरला मुलगा उसाकडून परत आला आणि त्यानं आपला माग झटकून पुसून पुन्हा लावला. त्याच्यामागून आणखी चौघे आले. पुढं चुका झाल्या नाहीत असं नाही, पण बंदरावर माल पुन्हा अडकला नाही. दोन माणसांचं खातं कुठं, आमचं आडगाव कुठं, आणि ती पांढरी भिंत कुठं. मधली सगळी वाट त्या माणसानं पायांनी चालून दाखवली, म्हणून आम्हाला ती वाट आहे हे कळलं.

चारशेच्या गाठी बांधायच्या दिवशी साहेब मुद्दाम आले. मी दाभण घेऊन पुढं झालो, तर सेक्रेटरी आडवा आला. "तात्या, तुमी तिकडं दाराशी बसा."

"का? मी चेअरमन हाय."

"म्हणून तर खुर्ची ठिवली," मागून माझी बायको म्हणाली, आणि सगळं शेड हसलं. साहेबांनी तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलत होते.

मी दाराशी जाऊन बसलो. राग आला होता, पण बसलो. आत सेक्रेटरी मोठ्यानं मोजत होता, आणि वीस झाली की थांबत होता.